खालचा सूर

१

जुन्नरच्या एसटी स्टँडमागं आमचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दुकान माझ्या यजमानांचं, रामनाथांचं. लिहिताना नाव घेते, तोंडानं 'अहो' म्हणते. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की शेतकरी त्या आमच्याकडं आणतात, आणि दुकानात कायम वॉर्निशचा वास असतो. सत्त्याण्णव साली दिवाळीच्या आधी मिशनच्या आवारातले शांतवनभाऊ हातगाडीवर एक मोटार घालून घेऊन आले. मी शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर चहाचा थर्मास घेऊन नेमकी तिथं होते.

रामनाथांनी मोटार उलटीपालटी केली. "शांतवनभाऊ, ही पाण्याची न्हाई."

"पाण्याची कुठून? हवेची हाये. आमच्या देवळातल्या बाजाची."

"कसला बाजा?"

"पेटीच म्हणा. पण भिंतीएवढी."

मी थर्मास खाली ठेवला. मला पेटी येते. माझं माहेर पिंपळवंडीचं. वडील तिथल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. सगळं गाव त्यांना गेणभाऊ म्हणतं म्हणून आम्ही लेकरंही गेणभाऊच म्हणतो. त्यांच्याकडूनच मी शिकले. शाळेतली प्रार्थना, गॅदरिंग, पंधरा ऑगस्ट, सगळीकडं पेटी माझ्या गळ्यात. पण भिंतीएवढी पेटी मी कधी ऐकलीसुद्धा नव्हती. मोटार तयार झाल्यावर रामनाथ ती बसवायला निघाले तेव्हा मी न विचारता स्कूटरवर मागं बसले.

मिशनचं देऊळ, म्हणजे चर्च, दगडी, उंच. दारात उभं राहिलं की समोर लेण्याद्रीचा डोंगर दिसतो, आणि आत पाऊल टाकलं की अंगावर गारवा येतो. वेदीच्या डाव्या अंगाला ऑर्गन उभा होता. एक भलंमोठं सागवानी कपाट, त्याच्या तोंडावर रांगेनं पाइप, काही करंगळीएवढे, काही विहिरीच्या पाइपाएवढे जाड आणि पार आढ्यापर्यंत गेलेले. साहेबाच्या काळात आला, यापलीकडं कोणाला काही ठाऊक नव्हतं. वरच्या पाइपांत पारव्यांनी काड्या भरल्या होत्या. मागचा हवेचा भाता उंदरांनी खाल्ला होता, तो शांतवनभाऊंनी नारायणगावच्या एका ढोलकीवाल्याकडून दुरुस्त करून घेतला होता. तमाशाच्या फडांच्या ढोलक्या मढवणारा माणूस तो. त्यानं चामडं असं ताणून बसवलं होतं की जाता येता थाप मारावीशी वाटायची. लग्न असलं की देवळात भाड्यानं कॅसिओ यायचा, आणि ऑर्गनपुढं नवरानवरी फोटोला उभे राहायचे. एवढाच त्याचा उपयोग उरला होता.

पहिल्या बाकावर एक ठेंगण्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्या मार्थाबाई. मिशनच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. उभा जन्म त्यांनीच ऑर्गन वाजवला, आता संधिवातानं बोटं वाकडी झाली होती.

रामनाथांनी बटण दाबलं. कपाटामागं चामडं ताणल्याची करकर झाली, मग सगळं गप्प झालं. पण मघाची शांतता निराळी होती. ही कोणीतरी तोंड उघडायच्या आधीची शांतता होती.

"दाबून बघ ना," बाई मला म्हणाल्या.

मी बाकावर चढले आणि मधली एक पट्टी दाबली. सूर पाइपातून आला, भिंतीवरून आला, माझ्या बरगड्यांतून आला. मला हसूच फुटलं.

"पेटी वाजवतेस?"

"हो."

"शनिवारपासून ये मग."

२

मी शनिवारी दुपारी जायला लागले. मार्थाबाई बाकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि पोस्टकार्डानं वारा घेत शिकवायच्या. पेटीत भाता आपल्याच हातात असतो, इथं हवा आयती, त्यामुळं माझा डावा हात पहिले काही दिवस मोकळाच हवेत हलायचा. शांतवनभाऊ झाडू थांबवून बघत आणि गालात हसत.

बाकाखाली, जमिनीलगत, आणखी पट्ट्या होत्या. लाकडाच्या, हातभर लांब, पायांनी वाजवायच्या. सगळ्यांत जाडे सूर त्यांचे. मी बुटकी आहे. वर्गात फळ्याच्या वरच्या भागावर लिहायचं तर मला स्टूल लागतं. ऑर्गनचा बाक शिसवी, जड आणि उंच. त्यावर बसले की माझे पाय पायपट्ट्यांच्या वीतभर वर लोंबायचे.

"पाय सोडायचे नाहीत," मार्थाबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. बाकाच्या खाली पुढच्या अंगाला एक आडवी दांडी होती. "त्या दांडीवर ठेवायचे. मीही तसेच ठेवले."

खरंच, त्याही माझ्याएवढ्याच होत्या.

रामनाथांनी हे ऐकलं आणि लगेच टेप काढली. "बाई, बाकाचे पाय वीतभर कापून देतो. आपली मंगल आरामात टेकल."

"बाकाला हात लावायचा नाही."

त्या इतक्या चटकन बोलल्या की रामनाथ टेप हातात धरून तसेच उभे राहिले. मग बाई हसल्या आणि म्हणाल्या, "बाक खाली आला तर हात कुठं पोचणार तिचे?" तेही बरोबरच होतं.

देवळाचा कारभार बघणाऱ्या पुण्याच्या मंडळींनी ठरवलं होतं की वाजवणारं कोणी नसेल तर ऑर्गन उतरवून शहरातल्या एका मोठ्या देवळात न्यायचा. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज पडला होता. त्यामुळं मला अजून जेमतेम चार गीतं येत असतानाच त्यांनी रविवारच्या उपासनेला बसवलं.  लोक गायला उभे राहिले, आणि दोनशे गळ्यांखाली सूर धरायचा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. परत यायच्या वाटेवर मी स्कूटरवर मोठ्यानं गात होते.

निघताना शांतवनभाऊ म्हणाले होते, "बाई, खालचा सूर लई भारी धरला तुमी. खिडकीच्या काचा वाजत व्हत्या."

मी मान हलवली. घरी येऊन भाकरी थापताना माझ्या लक्षात आलं, की मी फक्त हातांनी वाजवलं होतं.

३

रामनाथांना यात नवल वाटलं नाही. "जोड असणार आतून. वरची पट्टी दाबली की खालची वढली जाती. साधी गोष्ट हाये."

मलाही ते पटलं. पुढच्या शनिवारी वाजवताना मी कान दिला. खालचा सूर येत होता. माझ्या हातानंतर, किंचित मागून, भजनात नवीन आलेला माणूस दुसऱ्यांचं ऐकून म्हणतो तसा. मी डोकं वाकवून खाली पाहिलं. बाकाखाली अंधार होता. त्या अंधारात एक पायपट्टी खाली गेलेली होती. मी सूर बदलला. ती वर आली, दुसरी खाली गेली.

जोड असणार.

रामनाथांनी गुडघ्यासमोरची फळी काढली आणि बॅटरी घेऊन आत शिरले. मी बाहेरून त्यांचे पाय बघत उभी राहिले. 

"सापडली का जोड?"

"सापडली." ते बाहेर आले, डोक्यावर जाळी लागलेली. रुमालानं तोंड पुसत त्यांनी मला समजावून सांगितलं. जोड होती, पण एका बाजूची. पायपट्टी दाबली तर ती तारेनं वरची पट्टी ओढते. वरची दाबून खालचीला काही होत नाही. तार ओढू शकते, ढकलू शकत नाही.

"मग?"

"मग काय. कुठंतरी अडकत असंल." त्यांनी फळी परत लावली. स्क्रू चारच होते, पण घट्ट करायला त्यांना फार वेळ लागला.

४

अडकत असेल तर उंदीर अडकत असतील, असं आमचं ठरलं. पुढच्या खेपेला रामनाथांनी घरातली रांगोळी आणली आणि चाळणीनं पायपट्ट्यांवर भुरभुरली. दिवाळी नुकतीच झाली होती, डबा अर्धा उरला होता. "पाय उमटत्याल. उंदीर का घूस, ते कळंल," म्हणाले.

दुपार होती. दारातून ऊन थेट मधल्या वाटेवर आलं होतं. शांतवनभाऊ बाहेर चिंचेखाली कोणाशी तरी बोलत होते, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मी पाय दांडीवर घट्ट रोवले आणि सगळ्यांत आवडतं गीत वाजवायला घेतलं. खरं सांगते, भीतीबिती काही वाटत नव्हती. वाजवायला लागलं की आनंदच व्हायचा. खालचा सूर आला, आज मागून नाही, माझ्या बरोबर. मी एक कडवं जास्त वाजवलं, केवळ तसं बरोबर चालायला मजा येत होती म्हणून.

मग उतरले, आणि दोघांनी वाकून बॅटरी मारली.

पावलं होती. माणसाची. पुढचा अर्धा भागच होता, चवडा आणि बोटं, बोटं एकमेकांपासून फाकलेली, चप्पल न घालणाऱ्या माणसाची असतात तशी. या पट्टीवर, त्या पट्टीवर, मी वाजवलेल्या चालीप्रमाणे.

"तूच पाय सोडले असतील. नादात कळत न्हाई माणसाला," रामनाथ म्हणाले.

मी पाय वर करून तळवे दाखवले. रांगोळीचा कण नव्हता. आणि तेवढ्यात आम्हा दोघांनाही एकदमच दिसलं. मी बाकावर बसते तेव्हा माझं तोंड ऑर्गनकडं असतं. माझे पाय खाली पोचले असते तर बोटं ऑर्गनच्या दिशेनं उमटली असती. ही बोटं बाकाकडं होती. टाचेचा भाग समोरच्या फळीखालच्या फटीत गेला होता.

जो कोणी होता, तो माझ्याकडं तोंड करून बसला होता.

रामनाथ उठले. ओल्या फडक्यानं त्यांनी एकेक पट्टी पुसली, फडकं लांब धरून. मग बाहेर जाऊन शांतवनभाऊंना म्हणाले, "उंदीरच हाये."

५

रामनाथांचं म्हणणं पडलं की मी जाणं बंद करावं. मीही दोन आठवडे गेले नाही. शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावले की माझा पाय टेबलाखाली ठेका धरायचा. तिसऱ्या रविवारी उपासना सुटायच्या वेळेला मी मार्थाबाईंच्या घरी गेले. त्यांची खोली आवारातच, दारात जास्वंद. त्यांनी स्टोव्हवर चहा ठेवला.

"बाई, खाली कोण आहे?"

त्यांनी साखरेचा डबा उघडला, बंद केला, परत उघडला. "रांगोळी टाकलीत म्हणे."

"हो."

"तसं करू नये. आपण वाजवत असताना आपल्या पायाखाली कोणी काही टाकलं तर आपल्याला चालेल का?"

"पण कोण आहे?"

"मी कधी विचारलं नाही, मंगल. वाजवणाऱ्याशी मधे बोलू नये." त्यांनी चहा गाळला. "मी पहिल्यांदा बसले तेव्हा तुझ्याहून लहान होते. घाबरले. आईला सांगितलं, तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. मग वाजवत राहिले. वरचं आपलं, खालचं आपलं नाही, एवढं धरून चालायचं."

"त्रास नाही झाला कधी?"

"त्रास?" त्या माझ्याकडं बघून अशा हसल्या, की त्या हसण्यात त्यांचं लहानपण मला दिसलं. "अगं, माझं लग्न झालं नाही, मूल नाही. पण रविवारी सकाळी मी एकटी नव्हते."

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पाय मात्र सोडू नकोस. मी सोडले नाहीत. आपण सोडले तर काय, ते मला माहीत नाही."

६

मी परत गेले. रामनाथ रागावले, मग तेही यायला लागले. कपाटाच्या मागं मोटारीजवळ बसून राहायचे, हातात पाना घेऊन, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण तिथं बसून बसून त्यांनी सगळा ऑर्गन दुरुस्त केला. पारव्यांच्या काड्या काढल्या, वरच्या झरोक्यांना जाळी मारली, चेपलेले पाइप लाटण्यावर गोल केले. गळणाऱ्या जागांना ढोलकीवाल्यानं कोकराचं पातळ चामडं लावून दिलं. एकेक मुका पाइप बोलायला लागला, आणि दर वेळेला आम्ही पेढे वाटल्यासारखं एकमेकांना सांगत सुटायचो.

अठ्ठ्याण्णवच्या नाताळला गेणभाऊ आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, पहिल्या बाकावर मार्थाबाईंच्या शेजारी ताठ बसलेले. देऊळ भरलं होतं, दारात आमच्या शाळेतली पोरं लोंबकळत होती. मी जीव तोडून वाजवलं. नंतर करंजी खाता खाता गेणभाऊंनी मला बाजूला घेतलं.

"वरची पेटी तू वाजवलीस. खालचा खरज कुणी धरला?"

मी बाकाकडं पाहिलं. "आहे एकजण."

"चांगला माणूस हाये," गेणभाऊ म्हणाले. "घाई करत न्हाई."

ते तेव्हा खरं होतं. पुढच्या पावसाळ्यात एक दिवस मी एकटीच होते. कोणी नाही म्हणून मी गेणभाऊंनी स्वतः बांधलेली एक चाल वाजवली. ती देवळात कोणी कधी ऐकलेली नव्हती. पिंपळवंडीबाहेरही कोणाला ती येत नाही. मी पहिली ओळ संपवली, आणि दुसऱ्या ओळीचा पहिला सूर खालून आला.

माझा हात अजून वरच होता.

मी तो तसाच वर धरून ठेवला. खालचा सूर थांबला नाही. लांब, जाड, स्थिर, तो मी यायची वाट बघत होता. खिडकीची काच थरथरत होती. मागं मोटार घुमत होती. मला वाटलं, आत्ता उतरावं आणि दाराकडं जावं. आणि तितकंच वाटलं की असा सूर कोणी धरून बसलेला असताना उठून जाणं बरं नाही. मी हात खाली आणला. दुसरी ओळ आम्ही दोघांनी मिळून वाजवली. त्यानंतर तो नेहमी माझ्या आधी असायचा, केसभर. मी काय वाजवणार ते मला कळायच्या आत त्याला कळायचं. आणि मी आयुष्यात इतकं सुरेख कधी वाजवलं नव्हतं.

७

नव्व्याण्णवच्या नाताळाआधी पुण्याचे साहेब आले. उंच, गोरे, गोड बोलणारे गृहस्थ. ते स्वतः ऑर्गन वाजवायचे. नव्या वर्षात ऑर्गन उतरवायला माणसं ठरलेली होती, सह्या तेवढ्या व्हायच्या होत्या.

"बाई, हातांचं मला माहीत आहे," ते मला म्हणाले. "पेटी वाजवणारे पुष्कळ असतात. पायपट्ट्या चालवणारं माणूस इकडं मिळत नाही, आणि त्याशिवाय एवढं वाद्य ठेवून काय करायचं? मी तुमच्या शेजारी उभा राहून पाय बघतो. चालेल ना?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. शांतवनभाऊंनी पाहिलं. मार्थाबाईंना त्या दिवशी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, मांडीवरच्या आपल्या वाकड्या बोटांकडं बघत राहिल्या. देऊळ माणसांनी भरलं होतं. सगळे गायला उभे होते.

"चालेल," मी म्हटलं.

पाय दांडीवर ठेवून वाजवलं असतं तर खालचा सूर आला असता, आणि माझे पाय तिथं नाहीत हे त्यांना दिसलं असतं. मी चपला काढल्या. बाकावर बसले, कडेला सरकले आणि पाय दांडीवरून काढले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते मोकळे लोंबले. तळव्यांना खालून येणारी हवा लागली. ती गार नव्हती.

मी पाय सोडत गेले. पट्ट्या कुठं आहेत ते मला माहीत होतं. मी कितीही ताणले तरी वीतभर कमी पडणार, हेही माहीत होतं. मी फक्त साहेबांना हलते पाय दिसावेत म्हणून सोडत होते.

पाय टेकले.

लाकडावर नाही. वर फुगीर, मऊ, खाली हाड असलेलं काहीतरी होतं. माझ्या अंगठ्याखाली एक शीर होती आणि ती उडत होती. दोन पावलं, माझ्याकडं बोटं करून, माझ्या पावलांच्या खाली येऊन थांबली होती. माझं डावं त्याच्या उजव्यावर, माझं उजवं त्याच्या डाव्यावर. ऊबदार. माझ्या पायांहून खूप मोठी.

ओरडायला मी तोंड उघडलं. त्याच क्षणी खालचा सूर लागला, माझ्या आधी, आणि माझे हात त्यामागं गेले. लोक गायला लागले. मग ती पावलं हलली, आणि त्यांच्यावर माझी. डावीकडं, उजवीकडं, लांबच्या पट्टीवर, जवळच्या पट्टीवर. बाप लहान लेकराला आपल्या पायांवर उभं करून घरभर चालवतो, तसं. लेकरू काही करत नसतं, नुसतं उभं असतं, पण चालत तेच असतं. मला रडू येत होतं आणि मी हसत होते. साहेब शेजारी वाकून बघत होते आणि मी हसत होते. शेवटच्या कडव्याला तर आम्ही उड्या मारल्यासारखं वाजवलं, आणि मागून रामनाथांचा आवाज आला, ते कधी गात नाहीत, ते गात होते.

सूर थांबला. 

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पाय फार हलके पडतात तुमचे," ते म्हणाले. "पट्टीला टेकतात की नाही तेच कळत नाही." मग पाळकसाहेबांकडं वळून म्हणाले, "याला हलवू नका. इथंच राहू द्या."

मग एकच गलका झाला. शांतवनभाऊंनी जाऊन घंटा वाजवली, वेळ नसताना. पाळकसाहेब डोळे पुसत सगळ्यांना हात मिळवत होते. मला खाली उतरायचं होतं. मी पाय वर घेतले. डावा आला. उजवा आला नाही. त्याच्या अंगठ्यानं माझा अंगठा धरून ठेवला होता, दुखेल असा नाही. निघालेल्या पाहुण्याचा हात धरतात तसा.

मी थांबले. त्यानं सोडला.

८

मार्थाबाई दोन हजार दोनमध्ये गेल्या, झोपेत. ऑर्गन आहे. लोडशेडिंग वाढलं तशी मोटार बंद पडायला लागली, मग रामनाथांनी भात्याचा जुना दांडा वंगण घालून मोकळा केला. गीत चालू असताना वीज गेली की शांतवनभाऊ धावत मागं जातात आणि दांडा हाणतात, सूर जरा लटपटतो, लोक हसतात आणि गात राहतात. नाताळला पिंपळवंडीचं भजनी मंडळ येतं. गेणभाऊंची चाल आता देवळातल्या सगळ्यांना येते. अवसरीकडूनसुद्धा लोक गाड्या करून ऐकायला येतात. मी पाय दांडीवर ठेवते. त्या दिवसानंतर सोडले नाहीत. सोडावेसे वाटतात, रोज वाटतात, म्हणूनच सोडत नाही.

गेल्या वर्षी ईस्टरच्या आधी आम्ही देऊळ झाडायला गेलो होतो. भर दुपार, दारं उघडी. रामनाथ मागं मोटारीला नवा पट्टा बसवत होते. मी पाइपांवरची धूळ झटकत होते. आमची आरोही तेव्हा सहा वर्षांची होती. ती कधी बाकावर चढली ते मला कळलंच नाही.

"आई, माझे पाय पोचले."

मी हसले. "कुठले पोचतात? माझे पोचत नाहीत अजून."

"पोचले. बघ ना."

मी वळून पाहिलं. मी उभी होते तिथून बाकाखालचं काही दिसत नव्हतं. तिचे गुडघे दिसत होते. एवढ्या उंच बाकावर एवढ्या लहान मुलीचे पाय लोंबायला हवेत. तिचे लोंबत नव्हते. गुडघे सरळ वर, पाय टेकून बसलेल्या माणसाचे असतात तसे.

"कशावर टेकलेत?"

तिनं विचार केला. "गुदगुल्या होतात."

मागून मोटार सुरू झाली, चामडं करकरलं. "मंगल, हवा आली का?" रामनाथांनी विचारलं.  मी पुढं झाले आणि तिला उचलायला तिच्या काखेत हात घातले. ती मला जड लागली. आणि माझ्या हातांत ती हळूच डावीकडं झुकली, मग उजवीकडं, मग परत डावीकडं.

खालचा सूर लागला. आरोही हसायला लागली, पोट धरून, श्वास न घेता, आणि तिचं हसणं पार वरच्या पाइपांपर्यंत गेलं. मी तिच्या काखेतले हात काढले नाहीत. पण तिला उचललंही नाही.